बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आणि पुण्याहून आणलेल्या गोळ्या

गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

नाटकाच्या तालमीच्या मेलांच्या गर्दीत हे घुसवतोय, सांभाळून घ्या. येत्या मंगळवारी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. बाबा ग्रीन कार्डवाले, सहा महिने कोथरूड, सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीत. मधुमेहाच्या गोळ्या तिकडूनच अर्ध्या वर्षाच्या बांधून आणतात. हॉस्पिटलच्या कागदावर एवढंच लिहिलंय की ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मधुमेहाचं औषध घेऊ नका. नर्सने फोनवर नावं विचारली. मी ब्रँडचं नाव सांगितलं, तिने स्पेलिंग दोनदा विचारलं आणि बहुतेक कंटाळून 'इतर'मध्ये टाकलं.

आई म्हणते, आत्तापासूनच सगळं बंद करा. बाबा म्हणतात, साखर १२०-१३० असते, चालू गाडीला खीळ कशाला? कुणाला अनुभव?

– तालमीला उशिरा येणारा

*

गुरुवार, रात्री १०:१५

अरे, माझ्या गुडघ्याच्या वेळी मी त्या दिवशी सकाळची मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, फक्त वगळली होती. संध्याकाळी खिचडी खाल्ली, दुसऱ्या दिवशी गोळी सुरू. काही होत नाही, बाबांना म्हणावं निर्धास्त राहा.

– ग्रंथालयवाले काका

*

गुरुवार, रात्री ११:०५

काका, तुमचं बरोबरच होतं, पण ते मेटफॉर्मिनपुरतं. मी रोज भूल देते, म्हणून झोपायच्या आधी हे लिहितेय. (लिस्टवरचा सल्ला हा ऑपरेशन करणाऱ्या टीमच्या सल्ल्याची जागा घेत नाही, हे एकदाच सांगते.)

बाबांच्या गोळीच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते आधी बघ. शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन), तर सकाळची एक गोळी वगळून भागत नाही. इथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये या तिन्हींच्या माहितीपत्रकात घालायला लावलंय की ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करा. एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार. मंगळवारचं ऑपरेशन म्हणजे शनि, रवि, सोम गोळी नाही.

माझी पैज आहे की डापाग्लिफ्लोझिनच निघेल. भारतात २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि तेव्हापासून शेकड्याने ब्रँड आले, त्यात सिटाग्लिप्टिन, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत कोंबलेले कितीतरी. इथे फारझिगा (डापाग्लिफ्लोझिनचं इथलं ब्रँडनाव) म्हटलं की नर्सच्या लगेच लक्षात येतं. तुमच्या कोथरूडच्या ब्रँडचं नाव तिने जन्मात ऐकलेलं नसतं. तिचा दोष नाही.

आता बाबांच्या 'साखर १२०' बद्दल. खरी मेख तिथेच आहे. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून रक्तातली चांगलीच दिसते. ऑपरेशनच्या वेळी माणूस उपाशी असतो, शरीरावर ताण असतो, इन्शुलिन पुरत नाही. मग शरीर चरबी जाळतं, किटोन साठतात, रक्त आम्ल होतं. यालाच किटोअॅसिडोसिस म्हणतात. एरवी त्यात साखर चारशे-पाचशे दिसते, सगळे धावतात. इथे ती १८० असते, आणि ग्लुकोमीटर बघून सगळे म्हणतात, छान आहे की. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, थकवा, जोरजोरात श्वास, हे सगळं 'भुलीमुळे होतंय' म्हणून खपून जातं. मी स्वतः एक पेशंट बघितलाय, उलटीवरची दोन इंजेक्शनं देऊन झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात रक्तातले किटोन तपासायचं आलं. उपाय अवघड नाही, इन्शुलिन आणि सोबत सलाइनमधून ग्लुकोज. पण आधी शंका यायला हवी ना!

म्हणून घरी आल्यावरही एक-दोन दिवस बाबा नीट खातपीत नसतील आणि उलट्या झाल्या, तर इमर्जन्सीत हेच वाक्य म्हणायचं: "डापाग्लिफ्लोझिन घेत होते, रक्तातले किटोन तपासा." लघवीच्या पट्टीवर विसंबू नका, ती मुख्य किटोन पकडतच नाही. गोळी परत कधी सुरू करायची? जेवणखाण पूर्ववत झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

दोन गोष्टी घाईघाईत. आईंना सांग, सगळंच बंद करायचं नाही. बाबा रात्री ग्लार्जिनसारखं लांब चालणारं इन्शुलिन घेत असते, तर ते बंद न करता सहसा नेहमीच्या ७५-८० टक्के देतात. टाइप वन असेल तर इन्शुलिन पूर्ण थांबवणं म्हणजे संकटाला आवतण. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी कुणी घेत असेल तर ती मात्र त्या दिवशी सकाळी नको, उपाशीपोटी साखर धाडकन खाली येते. आणि तीन औषधांची एकच गोळी असेल, तर ती थांबवली की मेटफॉर्मिनही जातं, साखर वर चढते. तेव्हा उद्या सकाळी सर्जनच्या ऑफिसला पाकिटाचा फोटो पाठव आणि विचार, बाकीची दोन वेगळी देता का.

– डॉक्टरताई

*

शुक्रवार, सकाळी ७:३०

ताई, मधुमेह नसला तरी? आमच्या ह्यांना हार्टसाठी जार्डिअन्स दिलंय, साखर कधीच नव्हती. पुढच्या महिन्यात कोलोनोस्कोपी आहे. आणि मी ओझेम्पिकच्या आठवड्याच्या इंजेक्शनवर आहे ते वेगळंच, त्याचंही सांगा म्हणजे एका मेलमध्ये उरकेल.

– दिवाळी फराळवाल्या काकू

*

शुक्रवार, दुपारी १२:२०

काकू, छान विचारलंत. फॉर्मवर 'मधुमेह आहे का' असतं, काका 'नाही' लिहितात आणि गोळी सुटून जाते. जार्डिअन्स म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन. कोलोनोस्कोपीच्या आधी दिवसभर पातळ द्रवांवर काढायचं म्हणजे उपासच, शिवाय जुलाब. मधुमेह नसलेल्यांना धोका बराच कमी, पण विचारल्याशिवाय सोडू नका. हार्ट फेल्युअरसाठी दिलेली गोळी मनाने थांबवायची नाही, कार्डिओलॉजिस्टशी बोला. (हेच कारण, की या गोळीवर असलेल्या मधुमेहींनी निर्जळी एकादशी करू नये. विठ्ठल रागवत नाही.)

ओझेम्पिकची गोष्ट निराळी. त्यात किटोनची नाही, पोट सावकाश रिकामं होण्याची भीती. रात्रीचं जेवण सकाळीही पोटात, आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात उतरू शकतं. इथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये सांगितलं, आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये इतर संघटनांबरोबर मिळून भूमिका मवाळ केली: बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल, पण ज्यांना मळमळ-उलटी होते किंवा डोस नुकताच वाढवलाय त्यांनी आधी बोलावं, आणि गरज पडल्यास आदला दिवस द्रवांवर काढावा. तसंही ओझेम्पिकमधलं औषध, सेमाग्लुटाइड, अंगात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, एक इंजेक्शन चुकवून ते अंगातून जात नाही. त्या दिवशी आम्ही कधी कधी अल्ट्रासाऊंडने पोट बघतो.

आणि सकाळचा चहा! दूध घातलेला चहा हा द्रव नाही, आम्ही तो जेवणात धरतो, सहा तास आधी. कोरा चहा दोन तास आधीपर्यंत. साखर कमी झाली तर गाळलेला सफरचंदाचा रस, तोही टीमला विचारून.

– डॉक्टरताई

*

सोमवार, संध्याकाळी ६:१०

ताई, पैज जिंकलात. डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन, मेटफॉर्मिन, तिन्ही एकाच गोळीत. शुक्रवारी फोटो पाठवला, नर्सचा अर्ध्या तासात फोन आला, आवाज एकदम बदललेला. गोळी बंद, मेटफॉर्मिन वेगळी दिली.

पण आईने आठवड्याच्या डब्यात आधीच गोळ्या भरून ठेवल्या होत्या. शनिवारी बाबांनी सवयीने घेतली. वर म्हणे, "शनिवारचं खण रिकामं दिसायला नको?" आज नर्सला सांगितलं, ऑपरेशन गुरुवारवर गेलं. बाबा मंगळवारी सकाळी दुधाचा चहा पिणार, यातच समाधान. रविवारच्या तालमीला मी येत नाही, संवाद पाठ करतोय.

– तालमीला उशिरा येणारा