घरातील सर्वांनी मिळून करण्याजोगी हस्तकला: वेगवेगळ्या वयांना एकाच कामात कसे सामावून घ्यावे?

उंबरठा यांचा प्रश्न

आमच्या घरात चार वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी, आम्ही दोघे आणि सासूबाई असे पाच जण आहोत. सुट्टीच्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून हाताने काहीतरी बनवावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा असते आणि सुरुवातही उत्साहाने होते. मात्र धाकटा दहा मिनिटांत उठून जातो, मुलीला त्याच्या बरोबरीने करायचे काम अगदीच बाळबोध वाटते आणि उरलेले काम शेवटी माझ्याच गळ्यात पडते. शिवाय तयार झालेल्या वस्तू दोन दिवस कौतुकाने मांडल्या जातात व नंतर कपाटावर धूळ खात पडून राहतात.

पाचही जणांना खरोखर काम मिळेल आणि पुढे घरात वापरली जाईल, अशी वस्तू कोणती, हे मला विचारायचे आहे. सासूबाईंना शिवणकामाची उत्तम जाण आहे. परंतु त्यांच्या बोटांचे सांधे दुखत असल्यामुळे बारीक सुई त्यांना फार वेळ धरवत नाही. साहित्य शक्यतो घरातलेच असावे. नुसती कल्पना न सांगता कृतीही थोडी तपशिलाने सांगितल्यास फार उपयोग होईल.

दोराबिंडा यांचे उत्तर

माझ्या मते वस्तू निवडताना ती किती सोपी आहे, यापेक्षा तिच्या कृतीचे टप्पे एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे पाहावे. सर्वांनी एकच काम करायचे ठरवले की ते सर्वांत लहानाच्या बेताचे करावे लागते आणि मोठ्या मुलांचा रस तिथेच संपतो. याउलट घडी घालणे, भोके पाडणे, शिवणे आणि मुखपृष्ठ रंगवणे अशी वेगवेगळ्या हातांची कामे एका वस्तूत असली, तर प्रत्येकाला आपला टप्पा मिळतो. या दृष्टीने हाताने शिवलेल्या वहीइतकी सोयीची वस्तू मला दुसरी दिसत नाही. घरातले निरोप, याद्या, मुलांची चित्रे, कोणी काय गमतीचे बोलले त्याची नोंद, असे सगळे त्या वहीत मावते. वही भरली की पुढची शिवावी लागते, त्यामुळे ती धूळ खात पडण्याचा प्रश्नच येत नाही.

ए-४ आकाराचे सहा ते आठ कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडावेत. आठ कागदांची बत्तीस पाने होतात. त्याहून अधिक कागद घेतल्यास आतली पाने बाहेरच्या पानांपेक्षा पुढे डोकावू लागतात व कडा कापून सारख्या कराव्या लागतात. घडी प्रत्येक कागदाची स्वतंत्र घालावी आणि चमच्याच्या पाठीने घासून पक्की करावी. एकदम आठ कागद दुमडले, तर घडी फुगीर राहते. हे घासण्याचे काम चार वर्षांचे मूल अतिशय मन लावून करते, कारण त्यात आवाज होतो आणि परिणाम डोळ्यांसमोर दिसतो.

मुखपृष्ठासाठी पातळ पुठ्ठा घ्यावा, मात्र त्याची दिशा आधी तपासावी. कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसलेले असतात, त्यामुळे पुठ्ठा एका बाजूने सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूने विरोध करतो. न दुमडता तळहाताने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहिले की फरक लगेच कळतो. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्याच दिशेने घडी पडेल असा तो कापावा. उलट दिशेने दुमडलेल्या पुठ्ठ्याची घडी तडकते. हे तपासण्याचे काम मुलीला द्यावे. एकदा समजले की ती घरातला प्रत्येक पुठ्ठा वाकवून पाहू लागेल, एवढी सूचना आधीच देऊन ठेवतो.

आता शिवण. घडीवर तीन खुणा कराव्यात: एक बरोबर मध्यावर, उरलेल्या दोन वरच्या व खालच्या कडेपासून सुमारे चार सेंटीमीटरवर. वही उघडी ठेवून, खाली जाड पुठ्ठा घेऊन, दाभणाने आतून बाहेर भोके पाडावीत. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्यावा. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी आणि दोऱ्याचे टोक आत सोडून ठेवावे. मग बाहेरून वरच्या भोकातून आत यावे, आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडावे आणि शेवटी बाहेरून मधल्या भोकातून पुन्हा आत यावे. आत आता दोन टोके आणि त्यांच्यामधून जाणारा एक लांब टाका दिसेल. एक टोक त्या टाक्याच्या डावीकडे व दुसरे उजवीकडे येईल असे पाहून, टाका मध्ये धरूनच घट्ट गाठ मारावी. दोन्ही टोके एकाच बाजूला राहिली, तर गाठ त्या टाक्याला पकडत नाही आणि शिवण सैल पडते.

भोके आधीच पाडलेली असल्यामुळे येथे बारीक सुईची गरज नसते. गोधडी शिवायची जाड, बोथट सुई आणि जाड दोरा घेतल्यास सासूबाईंना हे काम जमेल, असे वाटते. नाहीच जमले, तर सुई मुलीच्या हाती द्यावी आणि सासूबाईंनी सांगत जावे. ही शिवण कोणी शेजारी बसून दाखवली की पटकन हाताला बसते.

रद्दीवाला यांचे उत्तर

वहीची कल्पना चांगली आहे, परंतु तिच्यात अचूकपणा फार लागतो आणि धाकट्याच्या वाट्याला घासण्यापलीकडे काही येत नाही, हे मला पटत नाही. चार वर्षांच्या मुलाला हात माखायचे असतात. त्याच्यासाठी मी रद्दी आणि खळ यांचेच नाव घेईन. कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवून केलेली टोपली किंवा पसरट वाडगा घरात किल्ल्या, पेन्सिली, लोकरीचे गुंडे, चष्मा अशा शंभर गोष्टींसाठी वापरात राहतो.

खळ शिजवून करावी. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा, मग एकूण पाच वाट्या होईतो पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण दाटसर व किंचित पारदर्शक झाले की उतरवावे. निवल्यावर ते आणखी दाट होते. त्यात दोन चमचे मीठ घातल्यास बुरशी धरण्याचा धोका कमी होतो. आच मोठ्यांकडे आणि खळ पूर्ण निवल्यावर मुलांकडे, एवढा नियम पाळावा.

पट्ट्या कापू नयेत, फाडाव्यात. कात्रीने कापलेली कड सरळ आणि धारदार असते व वाळल्यावर तिची रेघ वर उठून दिसते, तर फाडलेल्या कडेचे तंतू विस्कटलेले असल्यामुळे ती खालच्या थरात मिसळून जाते. वर्तमानपत्र एका दिशेने लांबच लांब सरळ फाटते आणि आडव्या दिशेने वेडेवाकडे फाटते. सरळ फाटणारी दिशा कोणती, हे शोधून काढणे हाच धाकट्याचा पहिला खेळ ठरेल. पट्टी सुमारे दोन-तीन सेंटीमीटर रुंद असावी. ती खळीत बुडवून दोन बोटांच्या चिमटीतून ओढून घ्यावी, म्हणजे जास्तीची खळ निथळते. ही चिमूट ज्याला साधली त्याला सगळे साधले, कारण जाड खळीचे थर वाळता वाळत नाहीत.

साच्यासाठी घरातलाच वाडगा पालथा घालावा आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बसवावा, नाहीतर वस्तू सुटून येत नाही. फुगाही साचा म्हणून चालतो. मात्र त्यावरचे काम उन्हात वाळवू नये, कारण आतली हवा तापून प्रसरण पावते आणि ओला थर तडकतो. पहिला थर छापील कागदाचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, तिसरा पुन्हा छापील असे आलटून पालटून घेतले, तर कुठला भाग झाकायचा राहिला आहे, ते लहान मुलालाही न सांगता कळते. असे पाच-सहा थर पुरतात, पण दोन थर झाले की थांबून ते वाळू द्यावेत. म्हणजेच हे एका बैठकीचे काम नव्हे, आणि मला तर त्याचा हाच मोठा गुण वाटतो: धाकटा अर्ध्या तासाने उठला तरी काही बिघडत नाही, पुढच्या सुट्टीला पुढचा थर.

वाळले की नाही, हे रंगावरून ठरवू नये. वस्तू गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओल आहे.

जुनी कात्री यांचे उत्तर

वरील दोन्ही कृती चांगल्या आहेत, तरी मूळ प्रश्नातील एका वाक्याकडे मी लक्ष वेधू इच्छिते. उरलेले काम आपल्या गळ्यात पडते, असे आपण लिहिले आहे. ते पडते, कारण वस्तू 'पूर्ण' दिसावी ही अपेक्षा बहुधा मोठ्यांची असते. मुलांनी चिकटवलेला वाकडा तुकडा त्यांच्या पाठीमागे सरळ करून ठेवू नये. चार वर्षांचे मूलसुद्धा आपले काम बदललेले बरोबर ओळखते आणि पुढच्या वेळी बसायला येत नाही. मोठ्यांनी मुलांच्या आधीची कामे करावीत, नंतरची करू नयेत. पुठ्ठा मापाने कापून ठेवणे, खुणा करणे, खळ शिजवणे ही आपली कामे. रंग कुठे द्यायचा, हा निर्णय ज्याच्या हाती कुंचला आहे त्याचा.

धाकट्याला नुसते घासण्यावर बसवू नये, हे मलाही मान्य आहे. भोके पाडणे हे त्या वयाचे उत्तम काम आहे. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ज्या शिक्षणपद्धतीला सुरुवात केली आणि जिला पुढे बालोद्यान हे नाव मिळाले, तिच्यात कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम आणि शिवणाबरोबर सुईने कागदाला भोके पाडून आकृती काढण्याचाही समावेश होता. आपल्या घरी दाभणाऐवजी बोथट टोकाची जाड पेन्सिल, खाली जाड फेसाचा तुकडा आणि वर एकच पातळ पुठ्ठा दिला, तर शेजारी मोठे माणूस बसलेले असताना चार वर्षांचे मूल हे काम करू शकते.

आता माझी सूचना. सासूबाईंना शिवणकामाची जाण आहे, तर कापडाची उंचीपट्टी करावी. भिंतीवर केलेल्या उंचीच्या खुणा घर बदलले की तिथेच राहतात. कापडाची पट्टी गुंडाळून बरोबर नेता येते. सुती कापडाची वीस सेंटीमीटर रुंद आणि तयार झाल्यावर एकशे वीस सेंटीमीटर लांब भरेल अशी पट्टी घ्यावी, आणि तिची खालची कड जमिनीपासून बरोबर साठ सेंटीमीटरवर येईल अशी ती टांगावी. म्हणजे पट्टीवर ६० ते १८० पर्यंतची उंची मावते आणि विनाकारण लांब कापड लागत नाही. कापड आधी धुऊन घ्यावे. नव्या कापडातील खळ निघून जाते, रंग नीट धरतो आणि जे काही आटायचे ते मापे आखण्याआधीच आटते.

सेंटीमीटरच्या रेघा आखण्याचे काम मुलीचे. त्यात खरी मोजणी असल्याने तिला ते बाळबोध वाटणार नाही. आकड्यांसाठी खोडरबरावर ठसे कोरता येतात, मात्र ठशात आकडा उलटा कोरावा लागतो, हे लक्षात ठेवावे. कोरणी मोठ्यांच्या देखरेखीखालीच चालवावी. धाकट्याने ठसे उमटवावेत. ॲक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर कापड उलट्या बाजूने इस्त्री केले की रंग अधिक पक्का होतो. कडा दुमडून जाड सुईने धावदोरा घातला तरी पुरे. सासूबाईंच्या हाताला आराम असेल त्या दिवशी त्यांनी उलटी टीप घालावी.

उंबरठा

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. उंचीपट्टीची कल्पना सासूबाईंना वाचून दाखवताच त्यांनी जुन्या चादरीचा तुकडा काढून ठेवला आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच होईल. वही त्यानंतर करू.

दोन शंका आहेत. वहीच्या पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवायचा झाल्यास पांढऱ्या गोंदाने तो सुरकुततो आणि पुठ्ठाही वाकतो. हे कसे टाळावे? दुसरे म्हणजे, मुलगी गरम गोंदाच्या बंदुकीचा आग्रह धरून बसली आहे. ती द्यावी का?

दोराबिंडा

सुरकुत्या गोंदातील पाण्यामुळे पडतात. कागदाचे तंतू पाणी शोषून फुगतात, आणि ते लांबीपेक्षा जाडीने अधिक फुगत असल्यामुळे कागद आडव्या दिशेने वाढतो. वाळताना तो पुन्हा आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे गोंद अगदी पातळ लावावा, मध्यापासून कडांकडे पसरावा आणि कागद बसवल्यावर हातानेही मध्याकडून बाहेर निपटावे. कागद व पुठ्ठा यांच्या तंतूंची दिशा एकच ठेवावी. पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद चिकटवला, तर दोन्ही बाजूंची ओढ सारखी होऊन पुठ्ठा सरळ राहतो. नंतर ओल टिपणाऱ्या साध्या कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबावे आणि मधले कागद एक-दोनदा बदलावेत. फार पातळ कागदासाठी द्रव गोंदापेक्षा कांडीचा गोंद बरा.

जुनी कात्री

बंदूक सध्या तरी देऊ नये, असे माझे मत आहे. नेहमीच्या बंदुकीतून येणारा गोंद सहज भाजण्याइतका गरम असतो आणि तो त्वचेला चिकटून बसतो, त्यामुळे झटकून टाकता येत नाही. कमी तापमानाच्या बंदुका मिळतात, पण घरात चार वर्षांचे मूल त्याच टेबलापाशी वावरत असताना तारेला लोंबकळणारी गरम वस्तू नकोच. वर सुचवलेल्या तिन्ही वस्तूंपैकी एकीलाही तिची गरज नाही. मुलीची हौस कोरणीच्या कामावर भागेल. त्या अवजारात तिला मोठेपणाचा मानही मिळेल.

रद्दीवाला

उंचीपट्टीबाबत एक भर. ती टांगण्यासाठी वरच्या कडेत काठी सरकवण्याइतकी नळी शिवावी आणि खालच्या कडेतही दुसरी काठी घालावी, म्हणजे कापड ताणलेले राहते. टांगल्यावर जमिनीपासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर पुन्हा एकदा मोजावे, कारण दोरी थोडी जरी ताणली गेली, तरी सगळ्यांचीच उंची चुकेल. नोंदी आधी पेन्सिलने कराव्यात आणि सासूबाईंना सवड होईल तशा दोऱ्याने भराव्यात; प्रत्येकासाठी दोऱ्याचा रंग वेगळा ठेवला, तर नाव लिहिण्याची गरज पडत नाही.