ईव्ह सँ लोराँ यांच्यावरील दोन चरित्रपटांपैकी अधिक विश्वासार्ह कोणता?

नौपाडकर (ठाणे):
आमच्या सोसायटीच्या सभागृहात अधूनमधून एखादा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा केली जाते. या वेळी विषय वेशभूषेचा ठरला आहे, कारण खारघरच्या निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेत शिकणारी काही मुले आमच्या इमारतींत राहतात. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ यांच्यावर २०१४ या एकाच वर्षी दोन चरित्रपट आले. एक जालील लेस्पेर यांचा, ज्यात प्येर निने मुख्य भूमिकेत आहेत; दुसरा बेर्त्राँ बोनेलो यांचा, ज्यात गास्पार उलिएल आहेत. मी दोन्ही पाहिले, परंतु कपड्यांची जाण नसल्यामुळे कोणत्या चित्रपटातील काळ आणि पोशाख अधिक खरे मानावेत, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खारघरवासी:
कपडा हाच पुरावा मानायचा असेल, तर लेस्पेर यांच्या चित्रपटाला तोड नाही. सँ लोराँ यांचे साथीदार आणि व्यवसायातील भागीदार प्येर बेर्जे यांनी आपल्या प्रतिष्ठानाच्या संग्रहातील ७७ मूळ पोशाख या चित्रपटासाठी दिले आणि पॅरिसमधील अॅव्हेन्यू मार्सो येथील मुख्यालयातही चित्रीकरण करू दिले. १९७६ च्या, रशियन बॅलेवरून सुचलेल्या पोशाख-संग्रहाचे (कलेक्शनचे) प्रदर्शन पडद्यावर पाहताना ती श्रीमंती डोळ्यांत भरते.

तरीही, वस्त्ररचना शिकवणारी म्हणून माझी एक शंका आहे. १९७६ साली त्या प्रदर्शनातला झगा कोरा होता. या चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा तो जवळजवळ चाळीस वर्षांचा झाला होता. रेशीम घडीच्या रेषेवर विरते, रंग उतरतात, आणि संग्रहातील वस्तूला हवी तशी कात्री लावता येत नसल्यामुळे माणसासाठी कपडा बेतण्याऐवजी कपड्यासाठी माणूस शोधावा लागतो. त्यातून वावरण्यात जो अवघडलेपणा येतो, तो मला या चित्रपटात जागोजागी जाणवला. शिवाय सारी कथा बेर्जे यांच्या निवेदनातून उलगडते, त्यामुळे पोशाख अस्सल असले तरी साक्ष एकाच माणसाची आहे, हे विसरून चालणार नाही.

कातरकाम (राम मारुती रोड, ठाणे):
मी व्यवसायाने शिंपी आहे, त्यामुळे मी बोनेलो यांच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. बेर्जे यांचा या चित्रपटाला विरोध होता आणि संग्रहाची दारे बंद होती, म्हणून वेशभूषाकार अनाइस रोमाँ यांना पोशाख नव्याने उभे करावे लागले. त्याच कामासाठी त्यांना २०१५ चा सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला. पोशाख मूळचे नाहीत म्हणून ते खोटे ठरत नाहीत. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर जे ऑस्कर मिळाले, तेही काही मूळ कपडे उसने आणल्याबद्दल नव्हते.

हा चित्रपट मुख्यतः १९६७ ते १९७६ एवढ्याच काळावर थांबतो, आणि त्यामुळे त्याला कार्यशाळेत रेंगाळायला सवड मिळते. तिथे बायका मान खाली घालून शिवत असतात, चुकलेली शिवण उसवली जाते, आणि कागदावरच्या चार रेघांमधून खांदा कसा काढायचा याचा निर्णय कारागीर घेतात. आमच्या धंद्यात नाव दुकानाच्या पाटीचे असते आणि हात आतल्या माणसांचे असतात. डिझायनरवरील चित्रपटांत ते हात सहसा दिसतच नाहीत. अभिनेत्री व्हालेरिया ब्रुनी तेदेस्की यांचे छोटेसे दृश्य मुलांना अवश्य दाखवा. पॅन्टसूट घातलेल्या गिऱ्हाइकाला आपण पुरुषी दिसू अशी भीती वाटते, तेव्हा सँ लोराँ तिचे केस मोकळे करायला लावून आणि तिची उभे राहण्याची ढब बदलून त्याच कपड्यात तिला वेगळी बाई करतात. १९६६ च्या ‘ल स्मोकिंग’ या, स्त्रियांसाठी बेतलेल्या पुरुषी धर्तीच्या टक्सिडो सूटने नेमके काय बदलले, हे त्या काही मिनिटांत व्याख्यानाविना कळते.

काळाचेही तसेच आहे. पडद्याचे दोन भाग करून एका बाजूला १९६८ नंतरच्या दंगली आणि युद्धाच्या बातम्या व दुसऱ्या बाजूला जिना उतरणाऱ्या मॉडेल दाखवल्या आहेत. त्या काळातली मोटार किंवा दूरध्वनी आणून ठेवण्यापेक्षा ही युक्ती मला कितीतरी प्रामाणिक वाटते, कारण बाहेर पॅरिस पेटलेले असताना आत काय चालले होते, हे ती लपवत नाही.

वाशीकर:
तुलनेसाठी २००९ चा, ऑद्रे तोतू यांची भूमिका असलेला, फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलवरील चित्रपट घ्यावा. त्यात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या एका नृत्याच्या प्रसंगी ती साधा काळा पोशाख शिवून घेते. दिसायला ते फार सुंदर आहे, परंतु शनेलचा तो प्रसिद्ध काळा पोशाख ‘व्होग’ या फॅशन मासिकात झळकला १९२६ साली. पुढची कीर्ती अशी मागे ओढून आणणे हा चरित्रपटांचा नेहमीचा रोग आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यात असलेल्या पॅरिसमधील शनेलचे वादग्रस्त वर्तन तर कथा त्याआधीच थांबवून टाळलेले आहे.

खारघरवासी:
कातरकाम यांचा कार्यशाळेचा मुद्दा मला मान्य आहे. तो पडताळून पाहायचा असेल, तर ओलिव्हिए मेरू यांचा ‘सेलेब्रास्याँ’ हा माहितीपट मिळाल्यास पाहावा. सँ लोराँ यांच्या अखेरच्या संग्रहांच्या काळात तो चित्रित झाला, पण बेर्जे यांनी अनेक वर्षे अडवून ठेवल्यामुळे फ्रान्समध्ये तो २०१८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, चित्रपटगृहांत आला. एका चित्रपटाला कपाटे उघडून देणारा आणि दुसऱ्याला कुलूप लावणारा माणूस एकच आहे, ही गोष्ट मुलांशी चर्चा करताना सांगण्यासारखी आहे.

नौपाडकर (ठाणे):
सर्वांचे आभार. मग बोनेलो यांचा चित्रपट पूर्ण दाखवावा आणि लेस्पेर यांच्या चित्रपटातील फक्त १९७६ चे प्रदर्शन, असे योजतो.

वाशीकर:
पूर्ण दाखवण्यापूर्वी एकदा विचार करावा. बोनेलो यांचा चित्रपट अडीच तासांचा आहे, आणि त्यात नग्नता व अमली पदार्थांची दृश्ये मोकळेपणाने आहेत. सभागृहात आजी-आजोबा आणि शाळकरी मुले बसणार असतील, तर कार्यशाळा, पॅन्टसूट आणि दुभंगलेल्या पडद्याचा भाग एवढेच निवडून दाखवावे. पूर्ण चित्रपट निफ्टची मुले आपापल्या सवडीने पाहतील.