मदत हवी आहे: सूज पोटरीत, मग दुखणं मज्जारज्जूत कसं मुरतं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे तात्या तासगावला द्राक्षबागेत बांधावरून सटकले, पोटरी सुजली. सूज महिन्यात उतरली, पण आता मांडीपर्यंत ठणकतं. पांघरूण घासलं तरी "हळू गं!" म्हणून ओरडतात. डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) झालंय, शिरेत रक्ताची गाठ नाही. घरचे म्हणतात, तात्या नाटकं करतात. मला नाही पटत.

माझ्या समजुतीप्रमाणे, सुजलेल्या स्नायूत प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन ही सुजेतली रसायनं वेदनातंतूंना चेतवतात. तो मारा मज्जारज्जूच्या डॉर्सल हॉर्नमधल्या (मागच्या भागातल्या) चेतापेशींवर होत राहतो. ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोप पोहोचवणारी रसायनं सुटतात, पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर (ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी दारं) उघडतात, पेशी नको तितक्या जाग्या होतात. उंदरांच्या पोटरीत कॅरेजिनन हा दाहकारक पदार्थ टोचून सूज आणली, तर या पेशी शेजारच्या भागातल्या स्पर्शालाही दाद देऊ लागल्या. वेदनासंशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलेलं सेंट्रल सेन्सिटायझेशन (मज्जारज्जू-मेंदूतल्या चेतापेशी अतिसंवेदनशील होणं) ते हेच ना?

अडतंय पुढे. सूज गेल्यावरही पेशी जाग्याच का राहतात? मायक्रोग्लियाचा (मज्जारज्जू-मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींचा) यात हात कितपत? आणि तात्यांना, "सगळं तुमच्या मनात आहे" असं न वाटू देता, हे सांगू कसं? न्यूरोवाले कुणी असतील तर सविस्तर लिहा, प्लीज.