मदत हवी आहे: किशोर कादंबरीत दोन मैत्रिणींची गोष्ट अडलीय

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची, मुलांसाठी थोडंफार लिहिते. सध्या दहावीतल्या दोन मैत्रिणींवर कादंबरी लिहायला घेतलीय. एकीवर क्लासमधल्या ओळखीच्याच मोठ्या मुलाकडून अत्याचार होतो, ती फक्त मैत्रिणीला सांगते, साताऱ्यातल्या चार भिंती नावाच्या टेकडीवरच्या जागी बसून, आणि शपथ घालते की कुणाला बोलायचं नाही. झालं, पुढची सगळी गोष्ट त्या शपथेचीच. अत्याचाराचा प्रसंग मी दाखवणारच नाहीये, मला त्यानंतरचा अबोला लिहायचाय, डबा वेगळा खाणं, पोवई नाक्यावरून रोज एकत्र सायकलवर येणाऱ्या दोघी आता वेगवेगळ्या वेळेला निघतात ते.

कायद्याचं वाचलंय. २०१२ च्या पोक्सोत (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून जपणारा कायदा) १८ वर्षांखालची सगळी मुलं येतात आणि माहीत असून न कळवणं हा मोठ्यांसाठी गुन्हा आहे, पण गप्प राहणारं मूलच असेल तर त्याला ती शिक्षा नाही. म्हणजे मैत्रीण सुटते, पण ती शेवटी ज्या बाईंना सांगते त्यांना गप्प बसता येत नाही!! जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा हेही कळलं.

अडलंय इथे... बाई कळवतात तेव्हा ती मुलगी मैत्रिणीला गद्दार म्हणेल, का तिला आतून सुटल्यासारखं वाटेल? शाळेत शिकवणाऱ्या, समुपदेशन करणाऱ्या कुणी सांगाल का, मुली अशा वेळी कसं बोलतात? खऱ्या मुलीचं नाव, हकीकत नको प्लीज. आणि कुणी कादंबरीची तीन प्रकरणं वाचून द्याल का, भाषा म्हाताऱ्या बाईची वाटतेय असं भाचीचं मत आहे 😅