माफी मागितली, पण सोडलं काय?

कुणीतरी लिहिलंय की ब्रिटनच्या बँकवाल्यांनी 2008 ला बँका बुडवल्याबद्दल पार्लमेंटच्या समितीपुढं माफी मागितली की, आता किती दिवस धरून बसणार. अहो, पण माफीबरोबर पैसे किती सोडले ते बघा की. फेब्रुवारी 2009 ला आरबीएसचा, म्हणजे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा माजी प्रमुख फ्रेड गुडविन सॉरी म्हणाला, बँकेला 2008 सालचा तोटा 24 अब्ज पौंड, सरकारनं लोकांच्या टॅक्सचे पैसे ओतून ती वाचवली आणि ह्या बाबाला पेन्शन वर्षाला सात लाख पौंड! बोंबाबोंब झाली तेव्हा कुठं ती निम्म्यावर आली, मग 2012 ला 'सर' ही पदवी काढून घेतली, झालं.

आमच्या बेळगावात सोसायटी, म्हणजे पतसंस्था, बुडली की लोक रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मीवाल्याला धरतात. शहापुरात आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी पन्नास-शंभर गोळा करून कार्डावर सही करणारा पोरगा, तोपण कमिशनवरचा, त्याच्या दारात बायका जाऊन बसल्या आणि चेअरमनच्या बंगल्याला कुलूप. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो तसा सोसायटीला नसतो, हे पावती फाडताना कोण सांगतंय? चेअरमननं सॉरीपण म्हटलं नाही, आणि त्यानं उचललेले भत्ते वसूल करा म्हणून अजून एकपण सभासद उठेना.