पाली भाषेतला ‘नील’ म्हणजे निळा की काळा?

वावरवाला (यवतमाळ जिल्हा)
जय भीम मंडळी. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, आमच्या विहारात रात्री वाचन असते. वाचतो मीच, कारण बाकीच्यांचे चष्मे नेमके घरी राह्यतात. परवा बुद्धांच्या शरीराच्या बत्तीस लक्षणांत ‘अभिनीलनेत्तो’ आलं. मी अर्थ सांगितला, गडद निळ्या डोळ्यांचे. नात फटकन म्हणे, “आबाजी, आपल्या इकडं कोणाचे डोळे निळे हायेत?” सारे हासले, मले उत्तर सुचलं नाही. पुढं अंगावरचे केसही ‘नीलानि’! हे कसं?

गाववाला
नील म्हणजे निळा. पंचशील ध्वजाचा पयला पट्टा. कायले डोकं खाता?

पालीवाली ताई
काका, नातीनं बरोबर पकडलंय. केसांच्या त्याच ओळीतला पुढचा शब्द वाचा: ‘अञ्जनवण्णानि’. अंजनाच्या, म्हणजे काजळाच्या रंगाचे. डोळ्यांचंही मी तसंच समजते, निळसर झाक मारणारे गर्द काळेभोर.

पण नील म्हणजे सरसकट काळा, असंही नाही. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, नियम आहे की नवं चीवर (भिक्खूचं वस्त्र) वापरण्याआधी त्याला डाग लावून त्याचा रंग बिघडवायचा. डाग तीनपैकी एकाचा: नील, चिखल किंवा काळसाम (काळपट). काळपट रंग वेगळा मोजलाय, बघा. तिथंच नीलाचे दोन प्रकार दिलेत, कंसनील आणि पलासनील. पहिला काशाचा, भांडं कळकल्यावर चढतो तो हिरवा-निळा थर मला तरी आठवतो. दुसरा पानाचा, म्हणजे आपला हिरवाच! (पलास इथं पान. पळसाचं केशरी फूल डोक्यातून काढा.) सतिपट्ठान सुत्तात दोन-तीन दिवसांच्या प्रेताला ‘विनीलक’ म्हटलंय. मार खाल्ल्यावर अंग काळंनिळं पडलं म्हणतो ना आपण, तसं.

आणि अस्सल नीलाचा नमुना हवा असेल तर महापरिनिब्बान सुत्तात आहे: ‘उमापुप्फं नीलं नीलवण्णं’. उमा म्हणजे जवस. पिवळ्यासाठी कणिकाराचं फूल, लालसाठी बंधुजीवकाचं, पांढऱ्यासाठी शुक्राची चांदणी.

वावरवाला
जवस! अवं ताई, हरभऱ्यात धुऱ्याकडून चार तासं जवस टाकतोच आम्ही, चटणीपुरता. सकाळी पाहा, वावरात आभाळ उतरल्यावानी दिसते. दुपारी पाकळ्या खाली. एवढी वर्षं वाचून राह्यलो अन् हे फूल आपल्याच वावरात.

नीलगायचंही आता ध्यानात आलं. आम्ही तिले रोही म्हणतो. हरभरा खाते तवा तिचा रंग पाह्यत नाही कोणी, पण नर खरंच राखेवर काजळ सांडल्यावानी असतो.

फूल यायले पौष उजाडन. तवरक नातीले काजळाची डबी दाखवली. तर म्हणे, “मंग ध्वजावरचा नील जवसाचा का काजळाचा?” ताई, आता विहारात तुम्हीच या.