आईचा आमवात, नवीन इंजेक्शन आणि मध्येच निघालेला टीबी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. आई ६२ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसात तिची बोटं सुजली. तेव्हा वाड्यावर चिकुनगुनियाचे दोन-तीन पेशंट होते, त्यामुळे आम्हीही तेच धरून चाललो. चार महिने झाले तरी सूज उतरेना तेव्हा तपासण्या केल्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, आपला आमवात. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदाच. आई तिला 'सोमवारची गोळी' म्हणते आणि सोमवारच्या उपासासारखीच पाळते. दीड-दोन वर्षं खरंच बरी गेली.

यंदा शिमग्यापासून परत सुरू झालं. सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नाही. गॅसचं बटण ती मनगटाने फिरवते. नागपंचमीला पातोळ्या केल्या. हळदीच्या पानावर पीठ बोटांनी सारवायचं असतं, तिने ते वाटीच्या बुडाने पसरलं. कुठे जाड, कुठे इतकं पातळ की चून (आतलं गूळ-खोबऱ्याचं सारण) बाहेर आलं. जेवताना कोणी काही बोललं नाही, तीही बोलली नाही.

आता डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅब सुचवलंय, दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा तपासणी (टीबीच्या जंतूचा संसर्ग कधी झाला होता का ते पाहणारी) करायला सांगितली. एक्स-रे स्वच्छ, पण इग्रा पॉझिटिव्ह. आता म्हणतात, आधी टीबीच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करा, निदान महिनाभर होऊ दे, मग इंजेक्शन. आई हबकलीच. त्या संध्याकाळी तिने स्वतःचा पेला आणि ताट वेगळं काढलं.

माझे प्रश्न असे. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, मग हा टीबी आहे कुठे? डॉक्टर दोनदा 'मॅक्रोफेज' म्हणाले : सांधा सुजवणारी पेशी तीच आणि टीबी धरून ठेवणारी पेशीही तीच. बाहेर वीस पेशंट खोळंबले होते, मी मान डोलावून निघालो, पण डोक्यात काही शिरलं नाही. एकच पेशी घरही राखते आणि घरही मोडते, हे कसं? आणि महिनाभर थांबण्यात सांध्यांचं नुकसान होत असेल तर इंजेक्शन आणि गोळ्या एकदमच का सुरू करायच्या नाहीत? शेजारच्या काकी रोज अमृतवेलीचा काढा द्या म्हणून मागे लागल्यात, त्यावरही कोणी बोललं तर बरं.

---

आमसोल :

दादा, आधी तो पेला आणि ताट परत जागेवर ठेवायला सांगा. इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे, आणि अशा माणसापासून कोणालाही लागण होत नाही. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आजच्या आज करा.

---

काचपट्टी :

(निवृत्त आहे, आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं. तुमच्या आईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पेशीचं मात्र सांगू शकते, तिच्याशी चाळीस वर्षांची ओळख आहे.)

मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशी. १८८२ साली मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीत मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला, आणि सकाळी पाहतो तर त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परकं काही आत आलं की त्याला वेढायचं आणि गिळायचं, हा त्यांचा धर्म. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनला कॉखने टीबीचा जंतू जाहीर केला होता. तुमच्या आईंच्या फाइलमध्ये जी दोन नावं भांडतायत, त्यांची ही एकाच वर्षातली गाठ मला नेहमी गमतीची वाटते. मेचनिकॉफला १९०८ मध्ये नोबेल मिळालं, एर्लिखसोबत विभागून.

आता आपल्याकडचं उदाहरण देते. गावच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसं समजा. राखणदार एकटा भांडत नाही, हाक घालून माणसं गोळा करतो. मॅक्रोफेजची अशी मोठी हाक म्हणजे टीएनएफ नावाचं प्रथिन. जोडीला आयएल-१ आणि आयएल-६. हाक ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, रक्तवाहिन्या सैल होतात, जागा सुजते, दुखते. जखमेत हे हवंच असतं. काम झालं की हाक थांबते, आणि मॅक्रोफेजच मग साफसफाई नि डागडुजी करतात.

आमवातात हाक थांबतच नाही. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी सांध्यात ते जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचं असतं, आणि तिथेही मॅक्रोफेज आधीपासून वस्तीला असतात, शांतपणे झाडलोट करत. आजारात रक्तातून मोनोसाइट पेशींचे नवे लोंढे येतात, तिथे त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि ओरडायला लागतात. अस्तर जाड होतं, गोधडीसारखं. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काचांवर ते अस्तर बोटं फुटल्यासारखं सांध्यात घुसलेलं दिसायचं. त्यात भर म्हणजे हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी याच मोनोसाइटांच्या कुळातल्या. टीएनएफची हाक त्यांनाही कामाला लावते. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला उंदराने खाल्ल्यासारखी खाच दिसते, ती त्यांची करणी. रक्ततपासणीत दाह दाखवणारा सीआरपी वाढतो तो आयएल-६ मुळे. ते यकृताला सांगतं आणि यकृत सीआरपी बनवतं.

मात्र सगळेच मॅक्रोफेज वाईट नव्हेत. २०१९ साली दिसून आलं की अस्तराच्या कडेला काही मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट चिकटून सांध्याला कुंपण घालतात. ते कुंपण मोडलं की दाह आत शिरतो. म्हणून 'ही पेशीच मारून टाका' असं सरळसोट औषध निघत नाही, पेशी राखून तिची हाक तेवढी दाबायची. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी नेमकं हेच केलं. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ अडवणारं औषध आमवाताच्या पेशंटना पहिल्यांदा दिलं, आणि महिनोन्महिने आखडलेली माणसं काही दिवसांत हलायला लागली. अ‍ॅडालिमुमॅब त्याच घराण्यातलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, टीबी आहे कुठे. टीबीचा जंतू लबाड. मॅक्रोफेज त्याला गिळतो, पण पचवू शकत नाही. जंतू पोटातच तग धरतो. मग आणखी मॅक्रोफेज येऊन भोवती गच्च कडं करतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत जंतू निपचित, बाहेर माणूस ठणठणीत, चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. कडं इतकं बारीक असू शकतं की एक्स-रेत उमटत नाही. इग्रा कडं दाखवत नाही, तुमच्या रक्ताला या जंतूची ओळख आहे एवढंच सांगते. आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही : २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत ही ओळख सापडली.

हे कडं उभं ठेवायला रोज टीएनएफची हाक लागते. इंजेक्शनला सांध्यातली हाक कुठली आणि फुफ्फुसातली कुठली ते कळत नाही, ते दोन्ही दाबतं. बोटं मोकळी होतात आणि तिकडे वेशीवरचे पहारेकरी घरी जातात.

---

झुआरीपलीकडे :

वर काचपट्टी ताईंनी लिहिलंय त्याला जोड. ही भीती कागदावरची नाही. या औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅब बाजारात येऊन थोडाच काळ झाला होता, तेव्हा २००१ मध्ये ते घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच, आणि निम्म्याहून जास्त जणांत फुफ्फुसाबाहेर. तेव्हापासून 'आधी टीबी तपासा' हा नियम जगभर लागला.

महिनाभर का थांबायचं, तर आत निजलेले जंतू आधी कमी व्हायला हवेत. महिन्यानंतर इंजेक्शन सुरू झालं तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचाच. कुठे आयसोनियाझिड रोज सहा महिने असतं, कुठे रिफापेंटिनसोबत आठवड्याला एक असे बारा डोस. रोजचं आयसोनियाझिड असेल तर बी-६ ची गोळी जोडीला देतात, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून. आणि हे डॉक्टरांना आवर्जून विचारा : मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड, दोन्हींचा भार यकृतावर. एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, किती दिवसांनी करायची ते लिहून घ्या. भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद पिवळी झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. मधल्या महिन्यात सांधे फारच छळत असतील तर थोड्या दिवसांसाठी कमी मात्रेचं स्टेरॉइड देतात. मागायला संकोच करू नका, पण स्वतःहून घेऊही नका.

---

हिरवागार :

एवढी केमिकल्स कशाला? प्रतिकारशक्ती वाढवा, शरीर आपोआप बरं होतं. अमृतवेल, हळद, सकाळी उन्हात अर्धा तास. माझ्या मित्राचे गुडघे याने गेले... म्हणजे दुखायचे गेले.

---

काचपट्टी :

हिरवागार, ऊन जरूर घेऊ दे. पण आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती भलत्या घरात शिरलेली असते. तिला आणखी जोर देऊन काय मिळणार? आणि गुडघ्याची झीज हा वेगळा आजार, त्याची औषधं इकडे लावू नयेत. अमृतवेल म्हणजे गुळवेल. कोविडच्या काळात काढे पिऊन यकृताला सूज आलेले पेशंट आपल्या देशातल्याच डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि त्यातल्या काहींत तो दाह ऑटोइम्यून प्रकारचाच, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याचा होता. इथे आधीच यकृतावर दोन औषधं चढलेली. काकींना प्रेमाने सांगा, वेल दारात शोभते.

---

आमसोल :

अवांतर : सोमवारची गोळी सोमवारीच. आमच्या ओळखीत एकांना पाकिटावर कोणीतरी 'रोज एक' लिहून दिलं होतं. आठव्या दिवशी तोंड फोडांनी भरलं, रक्तातल्या पेशी कोसळल्या, थेट दाखल करावं लागलं. घरातल्या सगळ्यांना वार पाठ असू दे.

---

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टी ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. राखणदाराशी आल्यावर म्हणाली, "परत वाच."

मग तिने जे सांगितलं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ती नऊ-दहा वर्षांची असताना तिचा धाकटा मामा डिचोलीकडे खाणीवर कामाला होता. तो खोकत घरी आला आणि मागच्या खोलीत राहिला. मोठी माणसं आत जायची नाहीत. पेज घेऊन हीच जायची, कारण तो गोष्टी सांगायचा. पावसाळा संपता संपता तो गेला. घरात 'क्षय' हा शब्द कोणी उच्चारला नाही, फक्त ती खोली दोनदा चुन्याने सारवली. त्याचा पेला परसात पुरला होता, तेवढं तिला आठवतं. म्हणून तो पेला तिने वेगळा काढला होता.

म्हणजे तिथून आजपर्यंत, पन्नासहून जास्त वर्षं, हे कडं तसंच आहे असं समजायचं का?

---

काचपट्टी :

तिथूनच आलं असं छातीठोक सांगता येणार नाही, आपल्या देशात जंतू बसमध्येही भेटतो. पण लहान वय, बंद खोली, रोजची ये-जा, असं असेल तर पहिला संशय तिथेच जातो. हे डॉक्टरांना सांगा, घरात टीबी होता ही माहिती फाइलमध्ये हवी. आणि मामांबद्दल एक : खाणीतल्या धुळीत सिलिका असते. मॅक्रोफेज ती गिळतो, पचवू शकत नाही आणि स्वतःच मरतो. अशा फुफ्फुसात टीबीला रान मोकळं. बिचाऱ्याचे राखणदार आधीच धुळीने मारले असतील.

---

धागाकर्ता :

आज जाऊन आलो. मामाचं सांगितलं, डॉक्टरांनी लिहून घेतलं. या वेळी मी प्रश्न कागदावर नेले होते, त्यांनीही सगळे ऐकून घेतले. रोजची गोळी आजपासून सुरू, बी-६ सोबत. एलएफटी दोन आठवड्यांनी आणि मग महिन्याने. तोवर कमी मात्रेचं स्टेरॉइड, त्याची तारीख संपायचा दिवसही लिहून दिलाय. पहिलं इंजेक्शन चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर.

पेला जागेवर आला. ताट अजून वेगळंच आहे, पण काल त्यात मी जेवलो. गणपतीवरची फळापानांची माटोळी यंदा मी बांधणार, गाठी कशा मारायच्या ते ती खुर्चीत बसून सांगणार आहे.